बाभळीकडे गेलेलं बोट

मी जोतीरामआबांच्या जीपचा डाव्या बाजूचा पिवळा दिवा बोलतोय. उजव्या बाजूलाही माझ्यासारखाच एक आहे. आम्ही एका खोक्यातून आलो, एकाच बटणावर पेटतो, पण तो फारसा बोलत नाही. जोडीत एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं, ही रीत माणसांनी आमच्याकडून घेतली की आम्ही त्यांच्याकडून, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यातला. पत्र्याची वाटी, आत आरशासारखा मुलामा, मध्ये हॅलोजनचा बल्ब आणि पुढं जाड पिवळी काच. काचेवर उभ्या रेघा आहेत, म्हणून माझा उजेड लांब जात नाही, आडवा पसरतो. लांब उजेड टाकणारे पांढरे दिवे आमच्या शेजारच्याच टेबलावर जोडले जायचे. त्यांच्या खोक्यावर धावत्या गाडीचं चित्र असायचं. आमच्या खोक्यावर नुसतं एक ढगासारखं काहीतरी. तेव्हाच ओळखलं, आपल्याला कुणी हौसेनं नेणार नाही.

बारामतीत भिगवण रस्त्याला गेणबा मिस्त्रीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तिथं फळीवर, फॅनबेल्टच्या जुडीखाली, आम्ही सहा महिने काढले. दिवा कसा निवडतात ते मी तिथं पाहिलं. गिऱ्हाईक आधी दिवा हातात घेऊन त्याचं वजन बघतं, जसा काही उजेड किलोवर मिळतो. मग काचेवर टिचकी मारतं. मग विचारतं, "किती लांब जातो?" जवळचं कसं दिसतं, हे सहा महिन्यांत एकानंही विचारलं नाही.

शहाण्णव सालची दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी उंचेले, मुंडासं बांधलेले एक म्हातारे दुकानात आले आणि दोन पांढरे दिवे त्यांनी टेबलावर ठेवले. हेच आबा. लोणी भापकर आणि वडगाव निंबाळकरच्या मधे त्यांची वस्ती. पूर्वी दोनशे मेंढरं होती. कालव्याचं पाणी वाढलं, चराऊ रानं उसाखाली गेली, तेव्हा मेंढरं विकून त्यांनी शेती, म्हशी आणि लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली. चारही चाकांनी ओढणारी. काळ्या रानातल्या चिखलातून दुधाचे कॅन काढायला तशीच गाडी लागते. रोज पहाटे कॅन घेऊन ते स्वतः वडगावच्या डेअरीला जायचे.

"गेणबा, तुजं दिवे अशक्त हायेत," आबा म्हणाले.

"आबा, ह्या दिव्यानं लोणीतनं मोरगावचं देऊळ दिसंल."

"देवळाचं मी काय करू? मला म्होरचा खड्डा दिसंना."

गेणबानं बॉनेट उघडलं. तीन महिन्यांत त्यानं आबांच्या गाडीचे बल्ब बदलले होते, बॅटरी बदलली होती, डायनॅमो खोलून पाहिला होता. त्यानं पुन्हा एकदा सगळ्या वायरी चाचपल्या.

"गाडीला कायबी झाल्यालं न्हाय," तो म्हणाला, आणि आबांच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्यानं फळीवरून आम्हाला काढलं. "ह्ये पिवळं न्या. बंपरच्या खाली लावतो. धुक्यात पांढऱ्या उजेडाची भिंत हुती. ह्यो उजेड भुईनं सरपटत जातो, रस्त्याची कड दावतो."

"आन लांबचं?"

"लांबचं लांब असू द्या की. ह्या वयात जवळचं दिसलं तरी लई झालं."

"दात बघून वय बैलाचं काढावं, गेणबा. गिऱ्हाइकाचं न्हाय."

असे आम्ही वस्तीवर आलो.

आमच्या आधी वीसच दिवस त्या घरात नवी सून आली होती. स्वरूपा. माहेर इंदापूरचं. नव्या सुनेला आणि नव्या दिव्याला घरात एकच काम सांगतात: समोर उभं राहायचं, लख्ख दिसायचं, आणि बटण दाबल्याशिवाय काही करायचं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन कॅन घासायची आणि तिच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. बोलणं मात्र अगदी कमी. शेजारणी आक्काबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, विचारायच्या, "सून मुकी हाय का काय?" आक्काबाई म्हणायच्या, "आसू द्या, मी बोलती की दोघींचं."

आलो त्याच दिवशी, दिवस मावळल्यावर, आमची परीक्षा झाली. ही आबांची मेंढक्याची रीत. मेंढरामागं असताना ते हातातली नवी बॅटरी घेतली की कुणाला तरी काळी घोंगडी पांघरून रानात उभं करायचे. काळी घोंगडी उजेड पिऊन टाकते. ज्या उजेडाला घोंगडी दिसली, त्याला लांडगाही दिसतो, असा त्यांचा हिशेब.

नागेश, त्यांचा मुलगा, घोंगडी पांघरून गाडीवाटेनं पुढं गेला. आबा जीपमध्ये बसले. बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुरता पेटलो आणि मला सगळं दिसलं: वाटेच्या उजव्या कडेला पाण्याचा हौद, हौदाला टेकून उभा असलेला नागेश, आणि डाव्या कडेला, थोडं पुढं, वठलेल्या बाभळीचा काळा बुंधा.

"दिसला," आबा समाधानानं म्हणाले. आणि त्यांनी बोट केलं. बोट बाभळीकडं गेलं.

"दिसलो व्हय?" नागेश ओरडला. त्याच्या डोळ्यांवर आमचाच झोत होता. त्याला बोट दिसणं शक्यच नव्हतं.

"लख्ख दिसलास. ये मागारी. ह्ये दिवे कामाचं हायेत."

बाजूला कॅन घासत बसलेल्या स्वरूपाचा हात थांबला. तिनं बोटाकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं. मग पुन्हा कॅन घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी जीपजवळ दोघी सासूसुनाच होत्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, आबास्नी दिसत न्हाय."

आक्काबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरं गेली तवा चार म्हैनं ह्यो माणूस कुणाशी बोलला न्हाय. गाडी आली तवा बोलाया लागला. ती काढून घेऊ का त्येंच्या हातातनं?"

"पर रस्त्यानं माणसं असत्यात."

घासून झालेलाच कॅन आक्काबाईंनी पुन्हा घासायला घेतला.

मलाही ठाऊक होतं. रोज संध्याकाळी आबा उकिडवे बसून उपरण्यानं आमच्या काचा पुसायचे. इतक्या जवळून त्यांचे डोळे मलाच दिसायचे. दोन्ही बाहुल्यांत दुधाचा थेंब सांडल्यासारखा पांढरा ठिपका होता. काच कितीही पुसली तरी तो ठिपका जाणारा नव्हता. पण हे सांगणार कसं? उजेड पडला की माझं बोलून झालं.

संक्रांत झाली. चार दिवसांनी स्वरूपा माहेरी निघाली. भाऊ बारामतीच्या स्टँडवर न्यायला येणार होता. नागेश उसाच्या तोडीला रानात अडकलेला. आबा म्हणाले, "कॅन न्यायचंच हायेत. वडगावला एष्टीत बसवून दितो सूनबाईला."

पहाटे निघालो. मागं कॅन, पुढं आबा, शेजारी पिशवी मांडीवर घेऊन ती. कालव्याजवळ आलो आणि उसाच्या फडांतून धुकं रस्त्यावर उतरलं. आबांनी आम्हाला लावलं. पण माझ्या लक्षात आलं, आबा रस्ता बघत नव्हते. आठवत होते. मोरी, मग चिंच, मग वळण. सगळं पाठ. पाठ केलेल्या वाटेवर एकच अडचण असते: काल जे तिथं नव्हतं, ते आज असू शकतं.

वळणाच्या पुढं, रस्त्याच्या डाव्या कडेला, माझ्या उजेडात काहीतरी काळं आलं. ते चमकलं नाही. खाली दोन पाय, पायांत वहाणा. मी होता नव्हता तेवढा उजेड त्याच्यावर टाकला. जीपचा वेग कमी झाला नाही.

"आबा, घोंगडी."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण आबांचा पाय ब्रेकवर गेला. मागं कॅन एकमेकांवर आदळले. जीप थांबली तेव्हा त्या घोंगडीत आणि माझ्या काचेत दोन हातांचं अंतर होतं.

तो एक मेंढका होता. खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवायला कालव्याकडं निघालेला. त्यानं आमच्याकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं. "दिवं तर लई मोठालं हायेत की, पावनं," एवढंच म्हणाला आणि पुढं चालू लागला. त्याच्यामागून मेंढरं रस्ता ओलांडू लागली. प्रत्येकीच्या डोळ्यांत मी हिरवा होऊन चमकून जात होतो.

आबांनी इंजिन बंद केलं. नाकानं वास घेतला.

"मेंढरं हायेत?"

"व्हय."

"किती?"

"पन्नास-साठ असतील."

"मला एक बी न्हाय दिसलं," आबा म्हणाले.

ते उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढं आले, माझ्यासमोर बसले आणि सवयीनं उपरण्यानं माझी काच पुसली. "तुजी कायबी चूक न्हाय रं," ते मला म्हणाले. "मीच उगं तुमास्नी बदलीत बसलो."

माणसं दिव्याला नमस्कार करतात, हे मी ऐकून होतो. दिव्याची कुणी समजूत काढतं, हे त्या दिवशी पाहिलं.

स्वरूपाही उतरून शेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "माज्या आजीचं बी आसंच झालतं. चूल दिसायची न्हाय, तर म्हणायची लाकडं वली हायेत. दोन वरसं आमी लाकडं बदलली."

"मंग?"

"मंग इंदापुरात डोळ्यांचं शिबिर झालं, तितं मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आन घरात येऊन पयलं काय म्हणावं तिनं? म्हणली, आढ्याला एवढी जळमाटं, ह्या घरातली सून करती तरी काय?"

आबा हसले. बारीकसे, पण हसले. मग हसू गेलं.

"तुला कवापासनं ठावं?"

"तुमी बाभळीला 'दिसला' म्हणला, तवापासनं. ह्ये हौदापशी हुते."

"मंग बोलली का न्हाईस?"

"आज बोलले की."

मेंढरांच्या घंटा लांब गेल्या. "घरात ठावं हाय का?" आबांनी विचारलं.

"आत्याबाई रोज पहाटं तुमच्या वहाणा उंबऱ्याच्या उजव्या अंगाला ठिवत्यात," ती म्हणाली. "एक बोट बी इकडंतिकडं न्हाय."

आबांनी उपरणं माझ्यावरून काढलं आणि स्वतःच्या डोळ्यांना लावलं.

ऊन वर येऊन धुकं फिटेस्तोवर ती दोघं माझ्याजवळ, बंपरवर बसून होती. मग बैलाच्या चालीनं जीप वडगावला गेली. ती शेजारून सांगत होती, "उजवीकडं गाडी हाय, आबा. आता म्हातारीबाई. आता मोकळं." डेअरीत आबांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला होता.

"आबा, आज लई येळ?" तिथल्या माणसानं विचारलं.

"सून बोलत बसली," आबा म्हणाले.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती पदर सावरून जमिनीकडं बघत होती.

आबांनी किल्ली काढून त्या माणसाच्या हातात दिली. "नागेशला द्या. म्हणावं, आबा व्याह्याच्या गावाला, इंदापूरला गेल्यात. डोळं करून यत्यात." सून माहेरी निघाली आणि तिच्याबरोबर सासराही तिच्या माहेरी निघाला, अशी ती एस्टी सुटली. मी डेअरीच्या दारात उभा राहून तिच्यामागचा धुरळा बघत होतो.

आबा आले ते काळा चष्मा लावून, एका डोळ्याचं ऑपरेशन करून. पुढं शिमग्याच्या सुमाराला जाड भिंगाचा चष्मा लागला. त्या संध्याकाळी ते जीपपाशी आले, खाली बसले आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"आरं, ह्यो एवढा पिवळा हाय व्हय? हळदीच्या नवरदेवावानी."

मग त्यांनी घोंगडी मागवली. "सूनबाई, तू जा. कुठं उभी ऱ्हातीस ते सांगू नगं."

ती गेली. आबा जीपमध्ये बसले. आक्काबाई दारात, नागेश बाजूला. मी पेटायच्या तयारीत होतो. पण आबांनी आमचं बटण दाबलंच नाही. नुसते गाडीचे मूळचे, बल्ब बदलून बदलून थकवलेले दिवे लावले आणि बोट केलं. बोट हौदाकडं गेलं नाही, बाभळीकडंही गेलं नाही. कडब्याच्या गंजीच्या खालच्या अंगाला गेलं.

"ती बघ. गंजीमागं. पदर भाईर आलाय."

गंजीमागून हसण्याचा आवाज आला. नागेश म्हणाला, इतकं मोठ्यानं ती कधी हसल्याचं त्याला आठवत नाही. आक्काबाईंनी मात्र दारातच घराकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांच्या वहाणा एक इकडं, एक तिकडं पडल्या होत्या. त्या कुणी नीट ठेवल्या नाहीत.

आता त्याला तीन वर्षं होतील. पहाटेची फेरी नागेश करतो. आबा उन्हं आल्यावर जीप काढतात आणि वाटेत मेंढरं दिसली की थांबून मोजतात. स्वरूपानं आम्हा दोघांना खाकी कापडाची टोपडी शिवली आहेत. धुकं असलं तरच ती काढतात. वर्षातले पंधरा दिवस. बाकी सगळा वेळ मी टोपड्याच्या अंधारात असतो, आणि एवढा सुखी अंधार कुठल्या दिव्याला मिळाला असेल असं वाटत नाही.

तुम्हीही कधी गाडीला दिवे घ्यायला जाल. पांढरा घ्या, पिवळा घ्या, लांबचा घ्या, पसरट घ्या. काच कशी आहे, वायर केवढी आहे, सगळं बघा. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस तिसऱ्यांदा बल्ब बदलायला निघालं, तर माझ्यासाठी एवढं करा. संध्याकाळी त्याला गाडीत बसवा, काळी घोंगडी पांघरून तुम्ही लांब उभे राहा, आणि घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या शेजारी बसवा. बोट कुठं जातं, ते त्या कमी बोलणाऱ्याला बघू द्या.