चहाडखोर जनुक

आमच्या प्रयोगशाळेत एका जनुकाला आम्ही चहाडखोर म्हणायचो. त्याचं खरं नाव म्हणजे चार अक्षरं आणि एक आकडा, आमच्याशिवाय कुणाच्या उपयोगाचं नाही. माणसाने स्टेरॉइडची गोळी घेतली की औषध श्वासनळीतल्या पेशींपर्यंत पोचतं आणि हे जनुक कामाला लागतं. गोळी घेतली नाही तर ते गप्प बसतं. निदान आमचा तसा ठाम समज होता.

काम असं, की तीव्र दम्याच्या रुग्णाच्या श्वासनळीत डॉक्टर दुर्बीण घालतात, आतल्या भिंतीवरून बारीकसा ब्रश फिरवतात आणि ब्रशचं टोक कापून कुपीत टाकतात. ती कुपी माझ्याकडे येते. तिच्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. कोणतं जनुक किती जोरात चाललंय ते मशीन सांगतं. ज्याचा चहाडखोर गप्प, त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने ‘थ’ काढायचो. थ म्हणजे थापाड्या. हा आमचा खाजगी उद्योग, कुठल्या नियमात बसणारा नव्हता, पण डॉक्टरांनाही ती खूण ठाऊक होती. वर्षभरात अकरा ‘थ’ झाले. त्यातल्या तिघांना डॉक्टरांनी फैलावर घेतलं आणि तिघांनीही कबूल केलं. एकाने तर महिनाभराच्या गोळ्या कुंडीत पुरल्या होत्या. आम्ही पोट धरधरून हसलो. उरलेल्या आठांना कुणी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

बारावा ‘थ’ माझ्या ताईचा.

ताई शिवणकारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसायची. दमा लहानपणापासूनचा. आता सेहेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर चढताना ती तीनदा थांबायची आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी फोन आल्याचं नाटक करायची. तिला या अभ्यासात मीच घातलं. शेवटी चार रुग्णांना नवं इंजेक्शन मिळणार होतं, दर महिन्याला एक, वर्षभर. अट एकच, की आधीची सगळी औषधं नीट घेऊनही दम लागत असला पाहिजे. ताईला दुसरं काही लागू पडत नव्हतं. तिच्यासाठी ते इंजेक्शन म्हणजे शेवटचा उपाय होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्या दिवशी दुर्बिणीसाठी एकच रुग्ण होता. दहा वाजता ताईला मीच तिथे सोडून आलो होतो आणि सव्वाअकराला कुपी माझ्या टेबलावर आली. क्रमांकाआड कोण आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. आपल्या माणसाची कुपी दुसऱ्या कुणाकडे द्यायची, असा नियम आहे. मी दिली नाही.

चार दिवसांनी निकाल आला. चहाडखोर गप्प होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईसाठी मी हातापाया पडलो, ती गोळ्याच घेत नाही!

घरी गेलो तो तडक स्वयंपाकघरात. आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि ताई खुर्चीवर पुढे वाकून बसली होती, तिला पाठ टेकून बसवत नसे.

“ताई, गोळ्या घेतेस का?”

“घेते की.”

“खरं सांग.”

“अरे घेते रे बाबा. सकाळी दोन आणि वर तो फवारा. काय झालं?”

“मशीन नाही म्हणतंय.”

ती हसली आणि हसताना खोकली. “मग त्याला सांग, एक दिवस येऊन माझ्या शेजारी बस म्हणावं.” मग मी हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. तिने बाही वर केली. “हे काळेनिळे डाग बघ. गोळ्यांनीच पडतात असं डॉक्टर म्हणाले.”

“कारखान्यात आपटत असशील कुठेतरी.”

“बारक्या,” ती म्हणाली, “मी तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

आईने घडी तिथेच टाकली. “तरी मी म्हणतेच, गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणून कुरकुरत असते सारखी. उद्यापासून माझ्यासमोर घ्यायच्या.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. इंजेक्शनची यादी शुक्रवारी बंद व्हायची होती आणि चौथं नाव ताईचं होतं.

“तुझी बहीण आहे म्हणून विचारतो,” ते म्हणाले. “औषधाची पातळी बघायला त्याच दिवशी रक्त घेतलंय, पण ते बाहेर पाठवावं लागतं. तीन आठवडे तरी लागतील. तुझी खात्री आहे?”

मी नुसतं माहीत नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण नात्याचा फायदा घेत नाही, ही शेखी मला मिरवायची होती. मी म्हणालो, “डॉक्टर, माणूस थापा मारतो. जनुक नाही मारत.” त्यांनी ताईचं नाव खोडलं आणि पाचव्याला वर घेतलं. मी छाती काढून बाहेर आलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी रोज सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. आई पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची, ताई गोळ्या गिळायची आणि आई म्हणायची, “आ कर.” ताई आ करायची. “जीभ वर.” ती जीभ वर करायची. सेहेचाळीस वर्षांची बाई. मी शेजारी चहा पीत असायचो.

सोळाव्या दिवशी दुपारी दोन वाजता कारखान्यातून फोन आला. ताईने मशीन बंद केलं, पिशवीतला फवारा काढला, ओढला, परत ओढला आणि टेबलावर डोकं ठेवलं. रुग्णवाहिका बारा मिनिटांत आली होती. तोवर सगळं संपलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगायची. “गोळ्या घेतल्या असत्या तर आज असती. माझ्यासमोर घ्यायची, पण मागे जाऊन थुंकत असणार. हट्टीच पहिल्यापासून.” लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचो.

ताईला जाऊन आठ दिवस झाले तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला. औषध भरपूर होतं, कणभरही कमी नाही. मी तो कागद आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे नेला. त्यांनी ताईचे आकडे काढून शेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

“गोळी पोटात जात होती,” त्या म्हणाल्या. “रक्तातही होती. श्वासनळीतल्या पेशी तिला दादच देत नव्हत्या. पालथ्या घड्यावर पाणी. अरे, अशीच माणसं शोधायला तर आपण हा अभ्यास काढला. पहिल्या पानावर लिहिलंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्यांना शोधत होतो त्यांच्याच कागदांवर मी वर्षभर ‘थ’ काढत बसलो होतो. त्या आठांतले किती जण माझ्या ताईसारखे असतील, कोण जाणे. मॅडमनी बाराही कागद मागून घेतले.

संध्याकाळी आई एकटी होती. ताईचे कपडे कुणाला तरी द्यायचे म्हणून काढून बसली होती.

“आई, ताई गोळ्या घेत होती. सगळ्या. पहिल्यापासून.”

“कोण म्हणतं?”

“रक्ताचा रिपोर्ट आलाय.”

“आणि तुझं मशीन?”

“मशीन बरोबर होतं. मला कळलं नाही ते काय सांगतंय.”

आईने हातातला कपडा मांडीवर ठेवला. तिने विचारलं, “मग ते इंजेक्शन तिला मिळालं असतं?”

“मिळालं असतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं. ती थापा मारते, असं मीच सांगितलं.”

मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल तरी. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“शेवटी शेवटी तीच मला हाक मारायची,” आई म्हणाली. “तू कामावर गेलास की. पुन्हा स्वतःच तोंड उघडून दाखवायची. म्हणायची, आई, नीट बघ ना, गेली का गं गोळी? बारक्याचं मशीन चुकायचं नाही. मीच कुठेतरी चुकत असेन.”