शब्द ऐका, सूर नको

जाहिरातीत तीनच वाक्यं होती. घरबसल्या काम. अनुभवाची गरज नाही. मराठी ऐकून समजली पाहिजे.

पहिल्या दोन वाक्यांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मी तोवर शिकले होते. घरी पेन्सिली पॅक करा म्हणणाऱ्यांनी आधी नोंदणीचे पैसे मागितले होते. टायपिंगवाल्यांनी माझं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी मागितलं होतं. तिसऱ्या वाक्याचं काय करायचं ते मात्र कळेना. फसवणारा माणूस टायपिंग मागतो, इंग्रजी मागतो. ऐकायचं काम कोण देतं?

माझं नाव संस्कृती. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आहे. आम्ही बजाजनगरात राहतो आणि पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात जातात. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उठताबसताना कुणीतरी लागतं, म्हणून मला घरातूनच जमेल असं काही हवं होतं.

"फिजिक्स शिकून आता कान भाड्यानं देती का?" पप्पा म्हणाले.

"आधी तपासते."

तपासलं. त्यांनी नोंदणीचे पैसे मागितले नाहीत. ओटीपी मागितला नाही. खात्याचा नंबर मागितला, तर मी रिकामं खातं दिलं. नीरजा मॅडम नावाच्या बाई फोनवर बोलल्या आणि माझ्या प्रश्नांवर चिडल्या नाहीत. "सावध असलेलंच बरं," असंही म्हणाल्या. पहिल्या आठवड्याचे पैसे ठरल्या दिवशी जमा झाले. पप्पांनी शहागंजच्या बाजारातून घासाघीस करून हेडफोन आणले. माझ्या तपासाचा निष्कर्ष असा होता की, मला कुणी फसवत नाही.

काम सोपं होतं. लॅपटॉपवर फोनमधल्या आवाजाचा छोटासा तुकडा यायचा. तो ऐकून होकार, नकार किंवा अस्पष्ट यांपैकी एक बटण दाबायचं, की पुढचा तुकडा यायचा. मागं जाता येत नव्हतं. आवाज बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे असायचे आणि प्रश्न कापलेला असायचा. त्यांना काय विचारलं होतं ते मला कधीच कळत नव्हतं, ऐकू यायचं फक्त उत्तर. मागं कुठं कुकरची शिट्टी, कुठं कोंबड्या.

सोबत एक सूचनापत्र होतं. त्यात आमच्या भागासाठी वेगळी ओळ होती: व्हय, हाव, बरं म्हणजे होकार.

ती ओळ मला खटकली. व्हय म्हणजे हो, हे खरं आहे. पण शेवट वर उचलला की तोच 'व्हय?' म्हणजे 'असं का?' आणि कुणी बोलत असताना मधे मधे टाकलेलं 'व्हय, व्हय' म्हणजे नुसतं ऐकतोय एवढंच. माझ्याकडं येणाऱ्या तुकड्यांत हे दोन्ही भरपूर होते.

मी घरातच प्रयोग केला. गिटारचे सूर जुळवायचं मोफत ॲप मोबाइलवर घेतलं. त्यात आवाज चढला की रेघ वर जाते. पप्पांना चहा हवा का विचारलं. "व्हय." रेघ खाली आली. मग सांगितलं की आज नळाला दिवसाउजेडी पाणी आलं. "व्हय?" रेघ वर गेली.

"काय चाललंय हे?" आईनं विचारलं.

"पप्पांचा आलेख काढते."

"काढ. त्यांचं काही सरळ येतं का बघ."

दोन्ही रेघांची चित्रं मी नीरजा मॅडमना पाठवली. अशा ठिकाणी होकार लिहिणं चूक आहे, असं कळवलं आणि मूळ प्रश्न काय असतो तेही विचारलं. उत्तर आलं, "प्रश्न गोपनीय आहे. संस्कृती, तुम्ही शब्द ऐका, सूर नको." खाली अजून एक ओळ होती. माझं अस्पष्टचं प्रमाण फार आहे, ते कमी झालं नाही तर काम थांबेल.

नाही म्हटलं तरी हात बदलला. संशय होता, पण पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय काम सोडायचं, तर आईला एकटं टाकून कंपनीत शिफ्टला जायचं. मी शब्द ऐकायला लागले.

त्या दुपारी एक तुकडा आला. बाईचा आवाज, नुसतं "व्हय?" मी होकार दाबला. दाबता दाबता शेवटचं कानावर पडलं, "...माझी बाय." आणि मागं गिरणीच्या पट्ट्याची फटफट. तोवर पुढचा तुकडा सुरू झाला होता.

"माझी बाय" असं आमच्यात एकच माणूस म्हणतं. फुलंब्रीची मोठ्याई, द्वारकाबाई, पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. हा योगायोग कितपत शक्य आहे, याचा मी विचार केला. मराठवाड्याचे आवाज ते मराठवाड्याच्याच कानांना देत होते. तेव्हा अगदीच अशक्य नव्हता.

मी फोन लावला. "मोठ्याई, तुला कुणाचा फोन आला होता का? कुणी बाई?"

"आला व्हता की. लई गोड बोलायची पोरगी. गुडघ्याच्या पावडरीचं सांगत व्हती. शुगर बी त्यानंच जाती म्हनं, गोळ्या बंद करायच्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हननार? ती बोलती तवर व्हय व्हय केलं. फोनवर गप बसलं की समोरच्याला वाटतं, मेली का काय म्हातारी."

"मागवू नको काही."

"नाय गं, कशाला मागवू," ती म्हणाली.

मला तेवढं पुरलं नाही. पण आईला सोडून निघणं पप्पांच्या सुट्टीच्या दिवशीच जमलं. फुलंब्रीला पोचले तर मोठ्याई ओट्यावर बसून मेथी निवडत होती. ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या शेजारी. देवळीत पावडरीचे डबे नीट रचून ठेवलेले. दवाखान्यातल्या गोळ्यांची पिशवी वर, पत्र्याच्या डब्यामागं.

"तू मागवलं नव्हतंस ना?"

"मी कुठं मागवलं? पार्सल आलं. नको म्हनलं तर एका मानसाचा फोन. म्हनला, तुमचा व्हकार हाये आमच्याकडं. फोनवर दिलाय तुमी, आता फिरता येत नाय."

"आणि शुगरच्या गोळ्या?"

"ठिवल्या वर. पावडर घेनार म्हनून शब्द गेलाय ना तोंडातून." तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. "तुझ्या मोठ्या बाबानं नुसत्या शब्दावर जमीन कसायला दिली-घेतली. कधी फिरले नाय. म्या कशी फिरू?"

चार गोष्टी सांगून ती ऐकणार नव्हती, हे मला दिसत होतं. डॉक्टर, इन्सुलिन, ग्लुकोज सगळं तिच्या लेखी खरंच होतं, पण शब्द त्याच्या वरचा. मी तिच्या मोबाइलवरून तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोला मावशी," माणूस म्हणाला. "दुसऱ्या महिन्याचा कोर्स पाठवू?"

"मी त्यांची पुतणी," मी म्हणाले. "त्यांचा होकार ऐकवा."

"कशाला ऐकवायचा? रेकॉर्डला आहे."

"आहे तर ऐकवा."

जरा खडखड झाली. आधी त्या गोड पोरीचा आवाज आला. माझ्या तुकड्यांमधून कापलेला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मग मावशी, जुन्या गोळ्या बंद करून आपला कोर्स सुरू करताय ना?" त्यावर मोठ्याईचा आवाज, "व्हय? ...माझी बाय." मागं गिरणी.

मोठ्याईनं मेथी खाली ठेवली. "पुन्ना लाव रे."

त्यानं पुन्हा लावलं. बहुधा त्याला वाटलं, जिंकलो.

"आरं बाबा," मोठ्याई हसायलाच लागली, "हे तर म्या इचारलंय. गोळ्या बंद करून? व्हय? असं इचारलंय म्या. हा कुठला व्हकार?"

"मावशी, शब्द स्पष्ट आहे. आमच्या तज्ज्ञांनी तपासून होकार नोंदवलाय."

"कोन तज्ज्ञ? त्येला म्हनावं, कान धुवून ये आधी."

शेजारची गिरणी मधेच बंद पडली. मी मोबाइल तोंडाजवळ घेतला.

"तज्ज्ञ मीच आहे," मी म्हणाले. "मला अनुभव नाही. तो होकार नव्हता, मी चुकीचं बटण दाबलं. हे पण रेकॉर्डला असू द्या."

फोन कट झाला. नंबर, डब्यांवरची नावं आणि नीरजा मॅडमचे मेसेज मी सायबर पोलिसांच्या तक्रारीसाठी एकत्र केले. त्यातल्या प्रत्येक तारखेला मी काम केलेलं होतं, त्यामुळं तक्रारीत माझंही नाव लिहावं लागणार होतं.

मोठ्याई उठली. पत्र्याच्या डब्यामागून पिशवी काढली, पट्टी माझ्या हातात दिली. "दुपारची कंची, बघ." मी गोळी काढून दिली. तिनं ती तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"ते बटन तू दाबलंस," ती म्हणाली. "व्हय?"

शेवट वर गेला होता.

"व्हय," मी म्हणाले.