मधल्या भिंतीतलं दार

जळगाव जामोदच्या जुन्या पेठेत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन घरांत एकच भिंत आणि त्या भिंतीत सागवानी दार. पूर्वी बायका रस्त्यावर न उतरता या दारांतून पूर्ण गल्ली फिरायच्या. आता ती दोन्हीकडून कडी लावून बंद असतात.

नूरजहां शेजारच्या घरात राहायला आली आणि थोड्याच दिवसांत पुष्पांजलीच्या बाजूची कडी वाकली. पुष्पांजलीचा नवरा एसटीत कंडक्टर. दुपारी ती घरात एकटीच असायची, नेमकी तेव्हाच दारातून करकर यायची. तिने धान्याची कोठी दारापुढे सरकवली. नूरजहांने शेवया आणून दिल्या, त्या तिने उंबऱ्यावरूनच घेतल्या. आत या म्हणाली नाही.

एका दुपारी कडीचा कोयंडाच निखळून पडला. पुष्पांजली तडक शेजारी गेली.

"दार काऊन ढकलता हो तुम्ही?"

नूरजहां उंबऱ्यातून बाजूला सरकली. "मी? मले तं वाटलं तुम्हीच ढकलून राह्यल्या. या, पाहा."

तिनेही दाराला लोखंडी पेटी लावली होती, वर दगडी पाटा. तिचीही कडी वाकलेली. पुष्पांजलीने चौकटीवरून हात फिरवला. वरची तुळई मागच्या घराच्या अंगाला झुकून दारावर दाबत होती आणि तिच्यावर भिंतीत बोट जाईल एवढी भेग.

"मागच्या घरात कोण राह्यते?" नूरजहांने विचारलं.

"हर्षल. पण तो तं दार लावूनच असते आजकाल."

दोघी बोळातून मागे गेल्या. आतून मशीनचा आवाज येत होता; कडी वाजवली तसा तो थांबला. बऱ्याच वेळाने हर्षलने दार अर्धं उघडलं. त्याच्या खांद्यावरून नूरजहांला अंगणातला खड्डा दिसला, थेट दोघींच्या मधल्या भिंतीच्या पायाशी गेलेला.

"गोदाम बांधून राह्यलो. परवानगी हाये," तो म्हणाला.

"दाखव मंग," पुष्पांजली म्हणाली.

त्याने दार लावून घेतलं. दोघींनी नगरपरिषदेत तक्रार दिली. काम थांबलं, खड्डा बुजवला गेला. भिंतीला टेकू द्यायला मधलं दार मात्र चौकटीसकट काढावं लागलं. तिथे आता नुसता पडदा आहे. पहिले काही दिवस दोघी आपापल्या घरात हळू आवाजात बोलत; आता पडद्यातूनच एकमेकींना हाक मारतात.