सरळ धर

रायफलच्या साइटची पितळी खुंटी मारलीसच्या दोन बोटांत होती आणि बोटं ठरवत नव्हती — डावीकडं आहे तशीच ठेवायची, की दोन खटके परत आणायची. शेजारी वेसल पालथा पडलेला, गाल रायफलला चिकटवून. तिचा धाकटा भाऊ, टीमचा शेवटचा नेमबाज. शेवटची गोळी. पाच गुण पडले तर ढाल त्यांच्या फ्री स्टेटची, चार पडले तर उत्तरवाल्यांची.

"सुस, वारा बघतेयस की जावई?" ताईला तो सुसच म्हणायचा.

"गप पडून राहा."

मारलीसनं दुर्बिणीला डोळा लावला. नऊशे मीटर जाईपर्यंत डावीकडचा वारा गोळीला कित्येक हात उजवीकडं ढकलतो, म्हणून साइट तेवढी डावीकडं फिरवायची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण तेवढी म्हणजे केवढी... झेंडे अजून ताठ होते. मधलं गवत मात्र हलायचं थांबलं होतं, आणि उन्हाची लहर काचेत आडवी न वाहता सरळ वर चढायला लागली होती. वारा पडतोय. मला दिसतंय ना! ब्लूमफाँटेनच्या या माळावर माझ्याइतका वारा पाहिलाय कुणी? बाबांनी रायफल वेसलला दिली आणि दुर्बीण मला, तेव्हा मी रडले होते, वेडी...

गेल्या वर्षी ढाल जिंकली, त्या संध्याकाळी निखाऱ्यांवरचं मांस उलटताना वेसल सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सुसचं ऐकतो मी. फक्त नेम चिमूटभर माझ्या मनानं सरकवतो." सगळे हसले. तीही हसली — आणि मग वर्षभर तेच तिला खात राहिलं. इतक्या वर्षांच्या त्या गोळ्या कुणाच्या? तिचा वारा बरोबर होता, की हा गुपचूप सावरून घेत होता? आज सकाळी कॉफी ओतताना तिनं सांगून टाकलं होतं: नेम हलवलास तर वारा बघणं सोडलं मी.

तिनं दोन खटके परत आणले.

"झेंडे बघ की," वेसल पुटपुटला.

"बघितले. सरळ धर. मार."

आवाज माळावरून गेला. गोळीची खूण लावायला निशाणाचा फळा खाली खड्ड्यात ओढला गेला. तो वर येण्याआधी नेमबाजानं सांगायचं असतं, घोडा सुटला तेव्हा नेम कुठं होता. नंतर काय, सगळेच शहाणे.

"मध्ये," वेसल जरा रागानंच म्हणाला. "तू सांगितलंस तिथंच."

फळा वर आला. खूण उजवीकडं होती, पाचाच्या रेघेच्या बोटभर बाहेर. चार.

उत्तरवाल्यांनी टोप्या उडवल्या. वेसलनं कपाळ रायफलवर टेकलं. "म्हटलं होतं ना, झेंडे बघ."

"म्हटलं होतंस."

गवतापाशी वारा पडला होता, वर मात्र वाहत होता. फसले मी. आता लाज वाटेल म्हणून ती थांबली... नजर मात्र अंतर मोजत होती — मध्यापासून त्या खुणेपर्यंत दोन खटके. बरोब्बर दोन. म्हणजे ते दोन सोडले तर बाकीचा सगळा वारा, नऊशे मीटरचा, तिनं केसाइतका अचूक वाचला होता. आणि वेसलला चूक दिसत असूनही त्यानं तिचा अंदाज तसाच, हात न लावता, तिथवर पोचू दिला होता. ही गोळी, चुकीसकट, तिची होती. टीममधलं कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, ढाल गेली होती — पण छातीत चढत होता तो माज, निव्वळ माज, आणि तो लपवायला तिनं मान खाली घातली नाही.