वर न्यायची माती

लातूर नवा जिल्हा झाला, तरी आमच्या रेणापुरात पाणी टँकरनंच येतं. पण माझं भांडण सरकारशी न्हाई, सासऱ्याशी. मी वहिदा. माझ्या रईसाला दहावीनंतर लातूरला सायन्सला घालायचंय. पोरगी म्हणते, मी आकाशात जाणार. अन् आमच्या घरात सासऱ्यांनी, खाजामियाँ अब्बांनी, हो म्हटल्याबिगर पान हलत न्हाई. कधी विचारा, एकच जवाब, "बघू."

त्यातच आपल्या देशाचा पहिला माणूस अंतराळात गेला. मन्मथ मास्तरांनी आज शाळेत त्याच्यावर भाषण ठेवलं. अब्बांना मीच हट्टानं नेलं. म्हटलं, ऐकून तरी मन वळंल.

भाषण संपलं. मास्तर म्हणाले, "विचारा काही." अन् अब्बाच उठले!

"मास्तर, वर वजूला पाणी मिळतं का?"

"मोजकंच असतं चाचा. अन् ते खाली पडत न्हाई, तरंगतं."

"मंग मातीनंच करावं लागंल."

नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायचं, ते वजू; पाणी नसलं की आम्ही पाक-साफ मातीवर हात ठेवून तोंडावर-हातांवर फिरवतो. ह्या दुष्काळात तर रोजचंच झालंय. अब्बांनी सदऱ्याच्या खिशातनं एक पुरचुंडी काढली. "आपल्या रानातली हाय, चाळून घेतली. एवढी वर नेऊ देतात का?"

सगळे खदाखदा हसले. मागनं कुणीतरी ओरडलं, "चाचा, बैलगाडी बी न्या की!"

शरमेनं माझे कान तापले. मी त्यांची बाही ओढली. "बसा ना अब्बा! कशाला अब्रू घालवून राहिले? असल्या अडाणी घरची पोरगी कोण घेईल सायन्सला?" हळूच बोलायला गेले, पण मेलं सगळ्यांनी ऐकलं.

अब्बा बसले न्हाईत. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मास्तरांना म्हणाले, "मला म्हाताऱ्याला कुठं जायचंय? नात जाणार हाय. लातूरला तिच्यासाठी खोली बघून आलो परवा. वर तिची नमाज सुटू नये, म्हणून आधीच विचारून ठेवलं."

कुणी हसलं न्हाई. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. रईसा पुढंच बसली होती. ती उठली, अब्बांचा हात धरला अन् माझ्याकडं वळली.

"अम्मी, आपण अडाणी हाव का?"