देवाचा उजवा खांदा

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या, बारा वाटांच्या, चाळीच्या चारी मजल्यांच्या मालका!"

"व्हय म्हाराजा!"

"हितेंद्रभाऊ आमदारांनी मनात धरलेला आसा, बाजूच्या दवाखान्याच्या जागेर तुझा भव्य भवन बांधूचा. हॉलसकट, लिफ्टसकट, पार्किंगसकट!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या मनात असला, तर उजवो कौल दी!"

कोंडीराम गुरवाने गाऱ्हाणं संपवलं आणि काळाचौकीच्या सातघरे चाळीचं अख्खं अंगण रवळनाथाच्या खांद्यांकडे टक लावून बसलं. माणसं जिन्यात होती, गॅलरीत होती, पाण्याच्या टाकीवरही होती. एका चॅनेलवाल्याने कॅमेरा थेट देवाच्या नाकासमोर धरला होता. कोकणातल्या माणसाला कौल समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

उजवी पाकळी थरथरली आणि ताम्हनात पडली. पुरतं दीड मिनिटही झालं नव्हतं. ढोल वाजला, बायकांनी हात जोडले, कोणीतरी कोंडीरामाच्याच पाया पडलं. आणि पहिल्या रांगेत, बूट बाहेर काढून मोज्यांवर मांडी घालून बसलेल्या उन्मेष करंदीकर साहेबांनी मांडीवरच्या सरकारी रजिस्टरात लिहिलं: "पहिला कौल. उजवा."

कारण ही नुसती पूजा नव्हती, सरकारी सुनावणी होती. दवाखान्याच्या जागेवरचं आरक्षण उठवायचं तर लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात, असा कायदा आहे. पूर्वी त्या कचेरीत टेबलाशी ऐकत. आता देवळात ऐकत होते.

मागच्या रांगेत गणपत पेडणेकर, म्हणजे चाळीचे तात्या, गुडघे पोटाशी धरून बसले होते. त्यांना ढोल ऐकू येत नव्हता. त्या दवाखान्यात डायलिसिसची सहा मशिनं होती आणि त्यातल्या खिडकीजवळच्या मशिनवर आठवड्यातून तीनदा त्यांची बायको कमल झोपायची. दवाखाना गेला तर कमलही गेली, इतका साधा हिशेब होता.

आणि खरी बोच वेगळीच होती. कौल लावायची कल्पना तात्यांचीच.

पंधरा दिवसांपूर्वीच्या सभेत अर्धी चाळ भवनाच्या बाजूने आणि अर्धी दवाखान्याच्या बाजूने उभी राहिली होती. खुर्च्या उचलण्यापर्यंत पाळी आली, तेव्हा तात्याच उठले. "मारामारी कशाक? देवाक विचारूया. तीन कौल घेवा. तिनय एका बाजूचे इले तर ता खरा."

तात्यांना वाटलं होतं, देव कमलच्याच बाजूने बोलणार. वाटायला कारणही होतं. तीस वर्षांपूर्वी गावी फणसाच्या झाडावरून भावाशी वाद झाला, तेव्हा कौल त्यांच्या विरुद्ध गेला होता आणि त्यांनी तो मुकाट मानला होता. देव कुणाचा सगा नाही, खरं तेच बोलतो, हे त्यांना तेव्हाच पटलं होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मात्र ते विसरले.

हितेंद्रभाऊंनी त्याच सभेत लगेच हात जोडले होते. "तात्या बोलले ते सोन्यासारखं. लोकशाहीत आपण मत कुणाचं घेतो? मालकाचं. मग सगळ्यांच्या मालकाचंच घेऊ की!" करंदीकर साहेबांनी चष्मा पुसत म्हटलं होतं, "नियमात तशी तरतूद नाही. पण मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नाही." दुसऱ्याच दिवशी भाऊंनी सेवा म्हणून गाभाऱ्याचं नूतनीकरण काढलं. आठवड्यात नवा संगमरवर बसला, नवे दिवे लागले, नवी प्रभावळ आली आणि नवा गुरवही आला. जुन्या गुरवाला गुडघेदुखीसाठी गावी पाठवण्यात आलं. त्याचे गुडघे तोवर ठणठणीत होते.

तात्या घरी आले, तेव्हा कमल कॉटवर बसून लसूण सोलत होती.

"काय झाला?"

"उजवो."

"किती येळान?"

"दीड मिनिट पण नाय."

कमलचे हात थांबले. "दीड मिनिट? आमच्या गावाक कौलाक बसला तर भाताची पेज शिजवून, खावन येयपर्यंत देव बोलत नसे. देवाक कसली ओ घाई? घाई माणसांका असता."

"देवाचा नाव घेऊन तसा बोलू नको गो."

"देवाक खंय बोलतंय? कोंडीरामाक बोलतंय."

बाईचं बोलणं तात्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. कारण त्यांनीही एक गोष्ट पाहिली होती आणि पाहूनही मनावर घेतली नव्हती. कोंडीरामाने सुरुवातीला देवावर पाणी शिंपडलं होतं. डावा खांदा शेवटपर्यंत ओला चमकत राहिला. उजव्या खांद्यावरची ओल मात्र कडेने आत आत सरकत गेली आणि बघता बघता दगड कोरडा पडला.

ती तशी सरकणारी ओल तात्यांनी सव्वीस वर्षं पाहिली होती. गिरणीत ते सायझिंग खात्यात होते. तिथे सूत ताठ करायला खळीतून, म्हणजे पिठाच्या चिकीतून, काढून वाफेने तापलेल्या मोठाल्या रोळांवरून वाळवत नेत. सूत किती वाळलं ते तात्या नुसत्या पंजाने सांगत, मास्तर यंत्र लावून बघायचा आणि उत्तर तेच यायचं. गिरणी गेली, तिथे काचेचा मनोरा आला, पण पंजा काही कुणी नेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडीराम जेवून मंडपात घोरत होता. तात्या गाभाऱ्यात शिरले. देवाला नमस्कार केला, मनातल्या मनात माफी मागितली आणि एक हात डाव्या खांद्यावर, दुसरा उजव्यावर ठेवला. डावा गार होता. उजवा नुकत्याच उतरवलेल्या चहाच्या टोपासारखा लागला.

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राग नंतर आला. आधी वाईट वाटलं ते देवाचं. १९६८ साली त्यांच्या वडिलांसह दहा गिरणीकामगारांनी हा पाषाण एसटीच्या टपावरून, रजईत गुंडाळून गावाहून आणला होता. त्याला कुणी चटका दिलाय, असं त्यांना वाटलं.

देवळाची मागची भिंत आणि दवाखान्याच्या सामानखोलीची भिंत एकच. तात्या तसेच तिकडे गेले. मशिनं चालवणारी वैदेही कमलला आई म्हणायची. तिने कुलूप उघडून दाखवलं.

"हा डबा बघा काका. नूतनीकरणवाले लावून गेले. म्हणाले, देवळाच्या लायटिंगचा आहे."

डब्यातून जाड वायर निघून भिंतीत गेली होती, बरोबर देवाच्या उजव्या खांद्याच्या उंचीवर. बाजूचं सिमेंट कच्चं, भुसभुशीत होतं. तात्यांनी बोटाने ते उकरलं. आत गिझरात असते तशी कॉइल पाषाणाच्या पाठीला टेकून बसवलेली होती.

"आणि वीज कुणाच्या मीटरवरून?" तात्यांनी विचारलं.

वैदेहीने वायरचा दुसऱ्या बाजूने माग काढला. ती खिडकीजवळच्या मशिनच्या बोर्डात जात होती. म्हणजे दवाखाना पाडायला देव जो होकार देत होता, तो कमलच्याच प्लगातून येत होता. वैदेही हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही.

पुढच्या सोमवारी दुसरा आणि तिसरा कौल एकाच बैठकीत होता. गर्दी दुप्पट. कोंडीरामाने पाकळ्या लावल्या आणि घसा साफ केला, एवढ्यात तात्या उठले.

"कौलाची गोष्ट मी काढलंय. आजचा गाऱ्हाणा मी घालतलंय."

वयाचा मान होता, कॅमेरा चालू होता, नाही कोण म्हणणार? हितेंद्रभाऊंनी मोठ्या मनाने मान हलवली.

तात्या देवासमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! हो दवाखानो आसा थयच रवाचो काय? रवाचो असलो तर उजवो कौल दी!"

सवयीने लोक ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं, तात्यांनी दवाखाना राहायचा का असं विचारलंय. गॅलरीतली माणसं कठड्यावरून वाकली. मिनिटभराने उजवी पाकळी पडली.

"भवनाक पण व्हय, दवाखान्याक पण व्हय," तात्या म्हणाले. "आता तिसरो." त्यांनी स्वतःच्या हाताने पाकळ्या लावल्या. "देवा म्हाराजा, हो कोंडीराम गुरव लबाड आसा काय? असलो तर उजवो दी!"

गॅलरीतून कुणीतरी खुसखुसलं. कोंडीराम पुढे झेपावला, पण पाकळी त्याच्याआधी पडली. सगळं अंगण हसलं. त्या क्षणी तात्यांना खरोखर वाटलं, कमल वाचली.

"हसू नकात, हात लावून बघा," ते ओरडले. "डावो खांदो थंड आसा, उजवो गरम. भिंतीपाठी कॉइल बसवलेली आसा. उजवी पाकळी वाळता म्हणून पडता. ह्यात देव खंयच नाय! साहेब, तुम्ही या, वायर दाखवतंय!"

माणसं उठली. रांग लागली. पहिली गेली दुसऱ्या मजल्यावरची मालवणकरीण, ऐंशी वर्षांची. तिने हात देवाच्या उजव्या खांद्यावर ठेवला, डोळे मोठे केले आणि रडायलाच लागली.

"गो बायांनो! देवाचा आंग गरम आसा! देव जित्तो आसा!"

तात्या म्हणत राहिले, "अगो म्हातारे, कॉइल आसा ती." पण मागून रेटा आला होता. प्रत्येकाला हात लावायचा होता. सामानखोलीत वायर बघायला आले ते मोजून चार, आणि त्यातले दोघे बाथरूम शोधत होते.

हितेंद्रभाऊंनी माईक घेतला. हा माणूस कधी घाम पुसत नसे. "हो, बसवली कॉइल. मीच बसवली! थंडीत आपण आईच्या अंगावर शाल घालतो की नाही? मी माझ्या देवाला आतून शाल घातली. हा काय गुन्हा झाला? आणि देवाचं मन बघा केवढं! भवनालाही हो, दवाखान्यालाही हो! दवाखाना होणार, भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर होणार. बांधकाम झालं की!"

"व्हय म्हाराजा!" अंगण म्हणालं.

तात्या गर्दीतून वाट काढत करंदीकर साहेबांपाशी पोचले. "साहेब, तुम्ही शिकलेले. ठाकूरद्वारच्या शाळेत विज्ञानात पहिले आला होतात, तुम्हीच सांगितलंत. तुम्ही वायर बघितलीत ना?"

"बघितली."

"मग काय लिहिताय?"

साहेबांनी रजिस्टर वळवून दाखवलं. पहिला कौल, उजवा. दुसरा कौल, उजवा. तिसरा कौल, उजवा.

"पण प्रश्न काय होते ते?"

"प्रश्नाचा रकाना नाहीये हो यात." साहेब खाली बघून बुटांची नाडी बांधत होते. "आणि तिन्ही एका बाजूचे आले तर ते खरं, ही सूचना तुमचीच. सभेच्या इतिवृत्तात तुमचं नाव आहे. माझ्या निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, तात्या. मला समजून घ्या."

तात्यांनी समजून घेतलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं आपण म्हणतो. इथे दळणाऱ्याचे डोळे चांगले होते.

महिन्याभरात सहाही मशिनं टेम्पोत चढली. वैदेहीची बदली झाली. अनधिकृत माणसाला सामानखोलीत नेल्याचा ठपका तिच्यावर आला. कमलला आता दोन बस बदलून चुनाभट्टीच्या पलीकडे जावं लागतं. तिथे तिला आठवड्यातून दोनच पाळ्या मिळतात. तिचे पाय सुजून चपलेत जात नाहीत. ती अजून किती दिवस आहे, हे विचारायला कौल लावायची गरज नाही. देवळात मात्र उजव्या खांद्याला हात लावायला पार कोकणातून माणसं येतात.

दवाखान्याची रस्त्याकडची भिंत पाडायच्या आदल्या दिवशी तात्यांनी घरी मैद्याची खळ शिजवली, मोठ्या अक्षरांत कागद लिहिला आणि भिंतीवर चिकटवला.

"देवाला जरूर माना. मीही मानतो. पण देवाचं उत्तर कुणी आणून दिलं तर भिंतीमागे जाऊन बघा. वायर शोधा. ती कुणाच्या मीटरला जोडलीय ते बघा. दवाखाना, शाळा, पाणी यांबद्दल देवाला विचारू नका, ज्यांना निवडून दिलंय त्यांना विचारा. ते देवाकडे बोट दाखवतील, तेव्हा तेच बोट धरून त्यांना जाब विचारा. मी हे उशिरा शिकलो. तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शिका. आपला, गणपत पेडणेकर, खोली नंबर ३१."

"कोणी वाचल्यान?" कमलने विचारलं.

"दोघांनी. त्यातलो एक पोलीस."

"दुसरो?"

"मीच."

कमल हसली, आणि धाप लागली म्हणून थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र आलं. भिंत एका बाजूला कलली आणि आडवी झाली. तात्या बघायला गेले होते. ढिगाऱ्यातल्या विटांना कागद तसाच चिकटलेला होता, एक कोपराही सुटला नव्हता. खळ चांगली शिजली होती.