मशीनखालची जागा

नातीचा हात मुनीच्या कानापाशी पोचणार, तोच शिंपीणबाईंचा पायडलवरचा पाय थबकला.

दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, मशीनच्या गुणगुणीने अख्खी खोली पेंगुळली होती, आणि नुकती रांगायला लागलेली पोर चिंध्यांमधून पोहत पोहत थेट मशीनखाली निघाली होती. तिथे त्यांचा म्हातारा कुत्रा मुनी पडला होता. मागे भिंत, पुढे पायडल. त्याने तोंड फिरवलं, खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवले. आवाज मात्र नाही.

"थांब ना आई, फोटो काढते," लेक म्हणाली. "किती शहाणं कुत्रं आहे. साधं गुरगुरतही नाही."

बाईंनी नातीला अलगद उचलून कडेवर घेतलं. "तेच तर वाईट आहे गं."

"म्हणजे?"

"पिल्लू होता तेव्हा मापं द्यायला आलेल्या बायकांवर गुरगुरायचा. मी लाकडी पट्टी जमिनीवर आपटून आपटून त्याला गप्प केलं. सगळ्यांनी वाखाणलं, मुनी नाव ठेवलं. आता त्याला 'पुरे' म्हणायचं झालं, तर म्हणणार कशाने? दातांनी?"

लेकीने फोन बाजूला ठेवला. "मग काय, देऊन टाकायचा?"

"आधी सुतारकाम तर करू."

माळ्यावरून लेकीच्याच लहानपणच्या खाटेचा कठडा उतरला आणि मागच्या दाराजवळचा कोपरा मुनीचा झाला. तो तिथून अंगणात जाऊ शकत होता. पोर आत येऊ शकत नव्हती.

"तो झोपलेला असो, जेवत असो, त्याच्या वाटेला जायचं नाही. दोघं मोकळी असली की आपल्यापैकी एकीचे डोळे तिथेच. दूध उतू गेलं तरी जाऊ दे."

"आणि शिवताना तुझे डोळे कुठे असतात गं?" लेकीने चिमटा काढला.

"सुईवर. म्हणून तर कठडा."

एका दुपारी निळं रीळ घरंगळत कठड्यापलीकडे गेलं. त्यामागोमाग गजांमधून एक गुबगुबीत हात. आणि मग खोल विहिरीतून यावा तसा, गंजलेला, विसरलेला आवाज आला. मुनी गुरगुरला.

लेकीने पोरीला झटकन मागे ओढलं आणि मुनीवर हात उगारला. बाईंनी तो वरच्या वर धरला.

"ओरडू नकोस त्याला. किती वर्षांनी बोललाय."

संध्याकाळपर्यंत गजांवर जाड कापड शिवून झालं. कठड्याची कडी सैल होती, तिच्यात बाईंनी ती लाकडी पट्टी अडकवून टाकली. कापडामागे मुनीने स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि अंग टाकलं. लेकीच्या मांडीवर पोर केव्हाच झोपली होती.

बाई पुन्हा मशीनवर बसल्या. उजवा पाय पायडलवर गेला. डावा सवयीने मशीनखाली सरकला, त्या उबदार पाठीवर विसावायला, आणि गार फरशीला टेकला. जरा वेळ तो तसाच राहिला. मग खोली पुन्हा गुणगुणू लागली.